आबांच्या किडनीची राखण

महाडच्या एका स्कॅन सेंटरमध्ये मी बरीच वर्षं सीटी मशीनवर काम करते आहे. सासर कापडे गावचं, त्यामुळे पोलादपूरवरून रोजचा एसटीचा प्रवास. माहेर हिरकणीवाडीचं, रायगडाच्या पायथ्याशी. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, गडावर डोली वाहायचे. ज्यांच्याने पायऱ्या चढवत नाहीत अशा म्हाताऱ्या माणसांना बांबूला बांधलेल्या खुर्चीत बसवायचं, चौघांनी खांदा द्यायचा, वर न्यायचं आणि गड बघून झाला की खाली आणायचं. रोपवे झाल्यावर हे काम कमी झालं, पण संपलं नाही. रोपवेला रांग लागली किंवा वाऱ्यामुळे तो थांबला की लोक डोली विचारत येतात. आबांची साठी उलटली तरी ते डोलीखाली होते. आई पायथ्याशी गवताने शाकारलेला झाप घालून पिठलं-भाकरी आणि ताक विकायची. त्यांच्या या कष्टावर मी शिकले आणि मशीनवर बसले.

माझ्या कामातलं एक औषध इथे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरून घडलं. पोटाच्या किंवा छातीच्या पुष्कळशा स्कॅनमध्ये पेशंटच्या शिरेतून ते सोडावं लागतं. आम्ही त्याला डाय म्हणतो. दिसायला पाण्यासारखं. अंगात गेलं की माणसाला एकदम गरम वाटतं, आणि चित्रात आतले अवयव, रक्तवाहिन्या उठून दिसतात. काम झालं की ते बाहेर टाकायचं ओझं मूत्रपिंडावर पडतं. धडधाकट माणसाला त्याचं काही होत नाही. पण मूत्रपिंड आधीच थकलेलं असेल, अंगातलं पाणी आटलेलं असेल, तर ते बाधू शकतं. म्हणून डाय द्यायच्या आधी आम्ही रक्तातलं क्रिएटिनिन बघतो. मूत्रपिंड नीट काम करत नसलं की ते वाढतं. आणि पेशंटला विचारतो, साखर आहे का, उलट्या-जुलाब झालेत का, दुखण्यावरच्या गोळ्या रोज घेता का. हे प्रश्न मी इतक्या वेळा विचारलेत की झोपेतही म्हणून दाखवीन.

त्या वर्षी मे महिन्यात आबांना ताप आला. शाळांना सुट्ट्या, गडावर गर्दी, त्यामुळे अंग कणकणत असतानाही ते चार दिवस डोलीला गेले. मग पोटात उजव्या बाजूला दुखायला लागलं. दोन दिवस पाणीसुद्धा पोटात ठरेना. आईने फोन केला तेव्हा मी त्यांना सरळ महाडला आणायला सांगितलं. आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, सोनोग्राफीत यकृतात काहीतरी दिसतंय म्हणाले, आणि डाय देऊन स्कॅन करून घ्यायला सांगितलं.

आबांना मी माझ्याच मशीनवर घेतलं. ते टेबलावर कुशीवर झोपून कण्हत होते. त्यांचे ओठ कोरडे पडले होते, ते मला दिसत होते. फॉर्म मी स्वतःच भरला. दुसऱ्या कुणाचा बाप असता तर शेजारी स्टूल ओढून एकेक प्रश्न विचारला असता. माझ्या बापाला काय विचारायचं? साखर नाही, मला माहीत होतं. गोळ्या नाहीत, असं मला वाटत होतं. मी खुणा करत गेले. रेडिओलॉजिस्ट मॅडमनी आतून विचारलं, क्रिएटिनिन किती आहे? मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळचा रिपोर्ट माझ्या फोनमध्ये होता. हिवाळ्यातला.

"नॉर्मल आहे मॅडम," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. पण तो आकडा जानेवारीतल्या आबांचा होता, दोन दिवस उलट्या करून आलेल्या आबांचा नव्हता. रिपोर्ट कधीचा आहे हे मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मॅडमनी ताजं रक्त तपासायला लावलं असतं, तोवर सलाईन लावलं असतं. तास-दोन तासांचा प्रश्न होता. आबांचं दुखणं मला बघवत नव्हतं, आणि घाई होती ती फक्त माझी होती.

स्कॅनमध्ये यकृतातलं गळू स्वच्छ दिसलं. पेरूएवढं. त्याच दिवशी त्यांना महाडमध्येच, त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात दाखल केलं, सुई घालून पू काढला, नळी ठेवली. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. आईने मला जवळ घेतलं आणि म्हणाली की घरात शिकलेलं माणूस असलं की असं होतं. मला बरं वाटलं, हे कबूल करते.

तिसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाई म्हणाल्या की कालपासून बाबांना लघवी फार कमी झाली आहे. मी त्यांच्या पायावरचं पांघरूण काढलं. घोट्यांवर सूज होती. बोट दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. डॉक्टरांनी रक्त पाठवलं. दुपारी रिपोर्ट आला. हिवाळ्यात एकच्या जरा वर असलेलं क्रिएटिनिन आता चारच्या वर होतं.

असे आकडे मी रोज बघते. तो कागद हातात घेऊन मात्र मला अक्षर लागेना.

डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बसवलं आणि विचारलं की आबा दुखण्यावरची कुठली गोळी घेत होते का. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, आईंना विचारा. आई बाहेर बाकावर बसली होती. तिने आधी माझ्याकडे बघितलंच नाही. मग म्हणाली की गुडघ्यांसाठी घेतात, सकाळी डोलीला जाताना एक आणि उतरल्यावर एक. कधीपासून? तिला नक्की सांगता येईना. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाच्या आधीपासून, एवढं म्हणाली. म्हणजे सहा-सात वर्षं. तापातसुद्धा घेत होते, कारण त्याशिवाय पाऊल उचलत नव्हतं.

डॉक्टर सरळ माणूस. त्यांनी मला समजावलं की दोष एकट्या डायचा नाही. पोटात पू झालेला, अंगातलं पाणी संपलेलं, त्यात वर्षानुवर्षांच्या गोळ्या. यातलं कुठलंही एक पुरेसं होतं. "आणि स्कॅन तर करावाच लागला असता," ते म्हणाले. हे खरंच होतं. पण करावा लागणं वेगळं आणि मी केला तसा करणं वेगळं. मी त्यांना फॉर्मचं सांगितलं, जुन्या रिपोर्टचं सांगितलं. त्यांनी ते केसपेपरवर लिहून घेतलं. मग म्हणाले की आता पुढचं बघू, आणि पनवेलच्या किडनीच्या डॉक्टरांना फोन लावला.

पुढचे पाच दिवस माझं सगळं आयुष्य एका प्लास्टिकच्या मापाच्या भांड्यात होतं. आबांची लघवी त्यात घ्यायची, रेघ बघायची, वहीत लिहायची. पहिल्या दिवशी पूर्ण चोवीस तासांत कपभरही नाही. पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की चार-पाच दिवस वाट बघू, नाहीतर डायलिसिससाठी हलवावं लागेल. रोज रक्त काढायचे. चारचं पाच झालं.

माणसं भेटायला येत होती. वाडीतले आबांचे डोलीवाले सोबती आले, येताना शहाळी घेऊन आले. आजारी माणसाकडे आमच्याकडे शहाळं नेतात, त्यात वावगं काही नाही. पण बंद पडलेल्या किडनीला शहाळ्याचं पाणी धोक्याचं, त्यातला क्षार रक्तात साठून हृदयावर जातो. आईने एक फोडून आबांच्या तोंडाशी नेलं होतं, ते मी हातातून काढून घेतलं. सगळ्यांसमोर. आईला ते लागलं. एका नातेवाइकाने किडनी साफ करणारा काढा आणला, तोही मी परत पाठवला. मी कडक झाले आहे असं सगळ्यांना वाटलं असावं. वाटू दे म्हटलं. जे आधी राखायचं ते राखलं नाही, निदान आता तरी राखते.

पाचव्या दिवशी सकाळी भांड्यातली रेघ जरा वर दिसली. मी दोनदा बघितली, नर्सबाईंना बोलावून दाखवली. संध्याकाळपर्यंत आणखी वाढली. सहाव्या दिवशी क्रिएटिनिन खाली यायला लागलं. डायलिसिस टळलं. मी संडासात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

घरी सोडायच्या आदल्या दुपारी आई जेवायला गेली होती. आबा उशीला टेकून बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. की तुम्हाला गोळ्यांचं मी विचारलंच नाही, जुना रिपोर्ट नवा असल्यासारखा सांगितला, मॅडमना थांबू दिलं नाही. सांगताना मी त्यांच्या हाताकडे बघत होते. डोलीच्या दांड्याने खांद्याला पडतो तसा घट्टा त्यांच्या तळहातालाही आहे.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू इचारलं असतंस तरी मी नाय सांगितलं असतं."

"का?"

"तू गडावर जाऊ दिलं असतंस काय? गोळीशिवाय गुडघा चालत नाय, आन् गुडघ्याशिवाय मी कोन? झापात बसून ताक इकनारा म्हातारा." मग ते म्हणाले, "तुजी चूक तुज्यापाशी. माजी हाय ती माज्यापाशी. दोनी एकीत घालू नको, बाय."

मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा जाऊ दे म्हणतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. माझी चूक त्यांनी मला परत दिली, आणि त्याचा मला आधार वाटला. तो का वाटला, ते आजही मला नीट सांगता येत नाही.

दोन महिन्यांनी क्रिएटिनिन पावणेदोनच्या आसपास येऊन थांबलं. पहिल्यासारखं ते पुन्हा झालं नाही. किडनीचा काही भाग कायमचा गेला होता. आता जे उरलं होतं ते सांभाळायचं होतं. दुखण्यावरच्या गोळ्या बंद, मीठ कमी, दर तीन महिन्यांनी रक्त. डोली बंद. आबा झापात आईशेजारी बसायला लागले, गुडघ्यांना तेल चोळत, वर जाणाऱ्या डोल्यांकडे बघत.

सेंटरमध्ये मी मॅडमना झालेलं सगळं सांगितलं. त्या रागावल्या, आणि रागावणं रास्त होतं. त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. फॉर्मवर रिपोर्टची तारीख लिहिल्याशिवाय डाय भरायचा नाही, आणि घरच्या माणसाचा स्कॅन असेल तर प्रश्न दुसऱ्याने विचारायचे. पहिल्या काही आठवड्यांत डाय भरायला माझा हात धजत नव्हता. खोकणाऱ्या तरुण मुलालाही मी दहा प्रश्न विचारायचे. एका बाईंचा स्कॅन गरजेचा असताना मी इतके आढेवेढे घेतले की मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, भीतीने हात आखडणं म्हणजे काळजी घेणं नव्हे. स्कॅन लांबल्यानेही माणूस जातो.

हे शब्द माझ्या घरीच वापरायची वेळ पुढच्या वर्षी आली.

दिवाळी झाल्यावर आबांच्या छातीत भरून यायला लागलं. झापापासून घरापर्यंतच्या चढावर दोनदा थांबावं लागायचं. आमच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि अँजिओग्राफी करावी लागेल म्हणाले. म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत थेट डाय सोडायचा. आबा तिथेच उठले. "त्या पान्यानं माजी किडनी खाल्ली. परत नको," म्हणाले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. नको म्हणताहेत तर नको, असं मनात आलं. डॉक्टरांनी माझं तोंड ओळखलं असावं. ते म्हणाले की हृदय थांबलं तर किडनी राखून करायचं काय? आणि हृदय जसं कमजोर होईल तशी किडनीही कोरडी पडत जाईल. या वेळी आपल्याला धोका आधीपासून माहीत आहे, तयारीला वेळ आहे. मागच्या वेळी यातलं काहीच नव्हतं.

त्या रविवारी मी हिरकणीवाडीला गेले. आबा अंगणात सुपारी कातरत होते. मी जवळ बसले आणि पेशंटला विचारते तसे सगळे प्रश्न त्यांना एकेक करून विचारले. दुखण्याची गोळी? नाय. खरंच नाय? त्यांनी आईकडे बोट दाखवलं, हिला इचार. आईने मान हलवली. पाणी किती पिता, रात्री लघवीला किती वेळा उठता, पाय सुजतात का. त्यांनी प्रत्येकाचं उत्तर दिलं. मग मी त्यांना सांगितलं की आदल्या दिवशी दाखल करून हळूहळू सलाईन देतील, किडनीला पाणी कमी पडू नये म्हणून. हृदयावर भार येऊ नये म्हणून तेही मोजूनच. सुजेसाठी चालू असलेली, लघवी जास्त व्हायची गोळी त्या सकाळी द्यायची नाही. डाय लागेल तेवढाच, थेंब जास्त नाही. आणि तिसऱ्या दिवशी रक्त बघायचं, बरं वाटत असलं तरी.

"आन् एवढं करून बिघडलं तर?" त्यांनी विचारलं.

"बिघडू शकतं आबा. कमी बिघडेल, एवढंच मी सांगू शकते."

ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. नाही बिघडणार असं मी म्हटलं असतं तर ते आले नसते, असं आई मला पुढे म्हणाली. शेवटी त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि विचारलं की गाडी किती वाजता धरायची.

पनवेलच्या रुग्णालयात हृदयाच्या डॉक्टरांना मी जुने सगळे रिपोर्ट तारखेवार लावून दिले. तरुण होते, शांतपणे वाचले. म्हणाले की मी डाय मोजून वापरीन, आणि अडथळा सापडला तरी आजच्या आज सगळं उरकायची घाई करणार नाही. किडनीला मध्ये श्वास घेऊ देऊ. संध्याकाळपासून सलाईन लागलं. सकाळी आबांना आत नेलं. तिथे मी टेक्निशियन नव्हते, मुलगी होते, दाराबाहेरची. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. अर्ध्या तासाने डॉक्टर बाहेर आले. एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती, दुसरी निम्मी. डाय नेहमीच्या निम्म्याहून कमी लागला, असंही त्यांनी मी न विचारता सांगितलं.

तिसऱ्या दिवशी महाडला रक्त दिलं. रिपोर्ट यायला दुपार झाली. सेंटरमध्ये पेशंट होते, मी त्यांचं काम करत राहिले, फोनकडे बघितलं नाही. शेवटचा पेशंट गेल्यावर बघितलं. आकडा जागेवर होता.

दोन आठवड्यांनी पुन्हा तेच सगळं करून स्टेंट बसवला. त्या वेळी मात्र क्रिएटिनिन दोनच्या वर गेलं. आम्ही पुन्हा माप काढलं, पुन्हा वही उघडली. आई न सांगता रेघ बघायला लागली होती. दहा दिवसांनी ते खाली आलं, पहिल्यापेक्षा जरासं वर राहून. आबा म्हणाले की चढावर आता थांबावं लागत नाही.

ही गोष्ट इथे संपत नाही, कारण किडनीचं दुखणं संपत नसतं. गेल्या महिन्यात आकडा पुन्हा थोडा सरकला. डॉक्टर म्हणाले, उन्हाळा आहे, पाणी बघा, महिनाभराने परत तपासू. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही आणि आबाही मला विचारत नाहीत. रक्त देऊन झाल्यावर आम्ही दोघं स्टँडवर गेलो. त्यांना रायगडाची गाडी, मला पोलादपूरची. त्यांची आधी लागली. ते सावकाश दांडी धरून चढले, खिडकीशी बसले आणि मला म्हणाले, "जा गो, तुजी गाडी सुटंल." मी गेले नाही. त्यांची गाडी स्टँडबाहेर वळेपर्यंत तिथेच उभी राहिले.